विडालच्या रिपोर्टातला 'एच' कुठून येतो, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या टायफॉइडच्या साथीची ठळक बातमी होती. मथळ्यात 'टायफॉइडचे रुग्ण' असं म्हटलं होतं. बातमी शेवटपर्यंत वाचल्यावर कळलं, की तो आकडा खासगी लॅबमधल्या 'विडाल पॉझिटिव्ह' लोकांचा, म्हणजे विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीत पॉझिटिव्ह आलेल्यांचा आहे. या दोन गोष्टी एक नाहीत. मी डी.एम.एल.टी. करून नोकरीची सगळी वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, आता निवृत्त होऊन कराडला असते. विडाल हा माझ्या रोजच्या हाताखालचा विषय, म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कापायचंच झालं तर शेवटून कापू नका, एवढी विनंती.

पावसाळा लागला आणि नळाला गढूळ पाणी आलं की लॅबपुढे तापाच्या पेशंटची रांग ठरलेली. चिठ्ठीही ठरलेली: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एमपी (मलेरियाची तपासणी), विडाल. संध्याकाळी रिपोर्ट, त्यात चार ओळी, टीओ, टीएच, एएच, बीएच, आणि प्रत्येकीपुढे 1:40, 1:80, 1:160 असं काहीतरी. नातेवाईक काउंटरवरच विचारणार, "मॅडम, टायफॉइड निघाला का हो?" मी म्हणायची, डॉक्टरांना दाखवा. टेक्निशियनला त्यापुढे बोलायची मुभा नसते. आता मला कोणाची भीती नाही.

टीओमधला 'ओ' हा टायफॉइडच्या जंतूच्या बाहेरच्या भिंतीचा भाग. टीएचमधला 'एच' म्हणजे त्याच जंतूच्या अंगावरच्या शेपट्या. पाठ्यपुस्तकात त्यांना कशाभिका म्हणतात, लॅबमध्ये सगळे फ्लॅजेला म्हणतात. पॅराटायफॉइड ए आणि बी यांच्या शेपट्या वेगळ्या प्रथिनाच्या, म्हणून एएच आणि बीएच. पेशंटच्या रक्तात या भिंतीविरुद्ध आणि या शेपट्यांविरुद्ध किती प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आहेत, तेवढंच विडाल सांगते; 1:160 म्हणजे सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) 160 पट पातळ केलं तरी जंतूंच्या गुठळ्या होतात. पेशंटच्या अंगात आज जंतू आहे की नाही हे तिला दिसत नाही. नळीत जे जंतू असतात ते कंपनीच्या बाटलीतून आलेले, मेलेले. एचच्या बाटलीतले फॉर्मलीनने मारलेले असतात, कारण उकळले तर शेपट्यांचं प्रथिन टिकत नाही.

या शेपट्यांबद्दल मला थोडं सविस्तर लिहू द्या. त्या कशा असतात हे समजलं की रिपोर्टातला तो आकडा वाचायची नजरच बदलते.

टायफॉइडचा जंतू दोन-तीन मायक्रॉन लांब असतो. त्याच्या अंगावर चहूबाजूंनी शेपट्या फुटलेल्या असतात, आणि एकेक शेपटी त्याच्या स्वतःच्या लांबीच्या कितीतरी पट. जाडी मात्र सुमारे 20 नॅनोमीटर. आपला साधा मायक्रोस्कोप 200 नॅनोमीटरच्या खाली हात टेकतो, त्यामुळे नेहमीच्या ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे जंतू रंगवायच्या रोजच्या पद्धतीत, शेपटी कधीच दिसत नाही. ती बघायची तर आधी टॅनिक ॲसिडचा लेप देऊन ती जाड करावी लागते आणि मग रंग. आमच्या शिकण्याच्या काळात त्यासाठी स्लाइड ॲसिडमध्ये बुडवून ठेवायच्या, चिमट्याने काढायच्या, कडेलासुद्धा बोट लावायचं नाही. कल्चरही, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जंतू, हलक्या हाताने उचलायचं, जोरात ढवळलं तर शेपट्या तुटून जातात. एवढं करून चारपैकी तीन स्लाइडवर नुसता रंगाचा गाळ. चौथीवर जंतूच्या अंगातून निघालेल्या नागमोडी रेषा दिसल्या की सगळा वर्ग त्या एका मायक्रोस्कोपभोवती.

पण शेपटी न दिसताही तिचं काम दिसतं, आणि ते मी शेवटपर्यंत हौसेने बघत आले. त्याला हँगिंग ड्रॉप म्हणतात. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलीन, मधे कल्चरचा थेंब, त्यावर खोलगट स्लाइड पालथी ठेवून सगळं अलगद उलटं करायचं. थेंब लोंबकळत राहतो. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली, उजेड कमी, आणि नजर थेंबाच्या कडेवर. मेलेले जंतू आणि धुळीचे कणसुद्धा जागच्या जागी थरथरत असतात, त्याला फसायचं नाही. जिवंत शेपटीवाला जंतू सरळ जातो, मधेच थांबून गिरकी घेतो आणि भलत्याच दिशेने सुटतो.

ती गिरकी का, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. शेपटीच्या मुळाशी जंतूच्या आवरणात बसवलेली खरीखुरी मोटर असते. बाहेरचे प्रोटॉन तिच्यातून आत वाहतात आणि त्या प्रवाहावर ती सेकंदाला शंभराहून जास्त फेरे घेते. मोटर डावीकडे फिरली की सगळ्या शेपट्यांची एक जुडी होते आणि जंतू पुढे जातो. उजवीकडे फिरली की जुडी सुटते, जंतू कोलमडतो, आणि पुन्हा जुडी होईल तेव्हा तोंड दुसरीकडे असतं. समोर खाद्य वाढत असेल तर कोलमडणं कमी, नसेल तर जास्त. डोळा नाही, मेंदू नाही, तरी वाट सापडते. शेपटी चाबकासारखी हलत नाही, मळसूत्रासारखी फिरते, हे अमेरिकेत सिल्व्हरमन आणि सायमन यांनी 1974 साली फार गमतीने दाखवलं. त्यांनी ई-कोलायच्या शेपटीविरुद्धची प्रतिपिंडं वापरून शेपटी काचेला डकवली. शेपटी अडकली, मोटर चालूच, तेव्हा अख्खा जंतूच गरगर फिरायला लागला! काचेला शेपटी डकवणारी ती प्रतिपिंडं आणि विडालमध्ये आपण मोजतो ती प्रतिपिंडं एकाच जातीची.

एकेक शेपटी फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाच्या हजारो एकसारख्या रेणूंची बनलेली असते. ती आतून पोकळ असते. नवे रेणू त्या पोकळीतून टोकापर्यंत जातात आणि तिथे बसतात, म्हणजे वाढ मुळाशी न होता टोकाशी होते. आता विचार करा, एकच आकार हजारो वेळा, तोही जंतूच्या सगळ्यात बाहेरच्या बाजूला. आपल्या शरीराची पहाऱ्याची यंत्रणा हा आकार ओळखून आहे. त्याविरुद्ध प्रतिपिंडं भरपूर बनतात आणि बराच काळ राहतात. ओविरुद्धची काही महिन्यांत उतरतात. एचविरुद्धची काहींच्या रक्तात वर्षानुवर्षं असतात. म्हणजे रिपोर्टात टीएच 1:160 आला, तर पेशंटला आत्ता टायफॉइड असेल, किंवा पाचवीत असताना झाला असेल, किंवा कधीतरी नकळत होऊन गेला असेल. आपल्याकडे पाण्याची जी अवस्था आहे तिच्यात हा जंतू कोणाच्या पोटात कधी गेलाच नसेल असं म्हणायला मी तयार नाही.

आणखी एक गट आहे, जो आमच्या सातारा जिल्ह्यात विशेष. इथे घराघरात फौजी. जुन्या काळी फौजेत टीएबीची (टायफॉइड आणि पॅराटायफॉइड ए, बी यांची) लस टोचायचे, ती अख्ख्या मारलेल्या जंतूंची, शेपट्यांसकट. त्या माणसांची विडाल पुढे कितीतरी वर्षं एचला वर दाखवायची. अशा शरीराला मलेरिया किंवा दुसरा कुठला ताप आला, की जुनी आठवण चाळवल्यासारखा एच पुन्हा चढू शकतो. पुस्तकात हे सगळं आहे, परीक्षेत विचारतातसुद्धा. चिठ्ठी लिहिताना कोणाला आठवत नाही, इतकंच.

घरातलंच सांगते. माझ्या भाचीच्या मुलाला मागच्या पावसाळ्यात ताप आला. दुसऱ्या दिवशीच विडाल, टीएच 1:160, ओ जेमतेम 1:40. लगेच 'टायफॉइड आहे' म्हणून ॲडमिट आणि सेफ्ट्रायॅक्झोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं. टायफॉइडची प्रतिपिंडं पहिला आठवडा सरत आल्यावर दिसू लागतात. दुसऱ्या दिवशीचा एच जुनाच असणार, हे मी फोनवर भाचीला तीनदा सांगितलं. "मावशी, डॉक्टर म्हणतायत ना!" पुढे प्लेटलेट घसरल्या तेव्हा डेंग्यूची तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. पोरगं सुखरूप घरी आलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण असं करणारं ते एकटंच नाही.

आता टेस्टबद्दल. पॅरिसमध्ये फर्नांद विडाल यांनी 1896 साली ही तपासणी टायफॉइडसाठी वापरली. त्याच वर्षी व्हिएन्नात ग्रुबर आणि डरहॅम यांनी प्रतिपिंडांमुळे जंतू गोळा होतात हे दाखवलं होतं. तेव्हा ही फार मोठी झेप होती, त्यात शंका नाही. आम्ही शिकलो ती नळीची पद्धत. ओसाठी गोल बुडाच्या फेलिक्स ट्यूब, एचसाठी निमुळत्या बुडाच्या ड्रेयर ट्यूब. सीरम सलाईनमध्ये दुप्पट-दुप्पट पातळ करत न्यायचं, अँटिजेन (बाटलीतले ते मेलेले जंतू) घालायचा, रॅक रात्रभर 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये. सकाळी काळ्या कागदापुढे धरून बघायचं. ओचे गुठळे रवाळ, तळाशी घट्ट बसलेले. एचचे मात्र पिंजलेल्या कापसासारखे, सैल, टिचकी मारली की विस्कटणारे. लांबलचक शेपट्या एकमेकींत अडकतात आणि जंतूंची अंगं दूर-दूरच राहतात, म्हणून तो पोत. ज्याने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं तो ओ आणि एच यांत कधी घोळ करणार नाही.

आता बहुतेक ठिकाणी स्लाइड विडाल. निळ्या रंगाचा ओ, लाल रंगाचा एच, सीरमचा एक थेंब, एक मिनिट डुलवायचं आणि लिहून टाकायचं. मिनिटाच्या वर गेलं की थेंब कडेने सुकायला लागतो आणि नसलेले दाणे दिसू लागतात. गर्दीच्या वेळी दहा पेशंटच्या स्लाइड एकाच वेळी टेबलावर असल्या तर दहाव्याचं मिनिट किती मोठं असतं, ते माझ्यासारख्या माणसाला सांगायला नको. किटच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की स्लाइडवर काही दिसलं तर नळीच्या पद्धतीने खात्री करा. किती लॅबमध्ये ती होते, हे आपल्या वार्ताहराने एकदा जाऊन बघावं. स्लाइडचं फावतं कारण ती स्वस्त आहे आणि घाईच्या पेशंटला तासाभरात काहीतरी हातात मिळतं.

विडालला काही अर्थ द्यायचाच असेल, तर ती दोनदा करायची: एकदा पहिल्या आठवड्याच्या सुमारास, पुन्हा सात-दहा दिवसांनी. आकडा चौपट चढला, 1:80 चा 1:320 झाला, तर दखल घ्यायची. पण दुसऱ्यांदा कोण येतो? तोवर पेशंट बरा झालेला असतो किंवा मोठ्या दवाखान्यात गेलेला असतो.

खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, पेशंटच्या रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. आम्हाला शिकवताना 'बासू' असं पाठ करून घ्यायचे: पहिल्या आठवड्यात ब्लड, दुसऱ्यात ॲग्लुटिनेशन म्हणजे विडाल, तिसऱ्यात स्टूल, चौथ्यात युरिन. ब्लड पहिलं, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त लागतं. दोन मिली घेऊन बाटलीत टाकायचं आणि 'ग्रोथ नाही' म्हणून मोकळं व्हायचं, हे कल्चर नव्हे. नीट घेतलं तरी प्रत्येक टायफॉइड त्यात सापडतोच असं नाही, हेही खरं. पण सापडला तर तो नक्की टायफॉइड असतो आणि कुठलं औषध लागू पडेल तेही कळतं.

कल्चरमध्ये जंतू उगवला की शेपटी खऱ्या अर्थाने कामाला येते. मॅकॉन्की प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, रंगहीन कॉलनी (जंतूंचे ठिपके) दिसल्या की आम्ही त्यातल्या जंतूंचा हँगिंग ड्रॉप बघायचो, आणि मग कोणत्या ओ-एचविरुद्धचं आहे ते आधीच माहीत असलेल्या सीरमचा थेंब घालून स्लाइडवर तपासायचो. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त प्रकार जगभर ओळखले जातात ते ओ आणि एच यांच्या जोडीवरूनच. टायफॉइडच्या शेपटीचा प्रकार 'डी'. इथे जंतू समोर असतो आणि सीरम खात्रीचं असतं. विडालमध्ये नेमकं उलट असतं, आणि सगळा घोटाळा तिथे आहे.

कधी कधी ताज्या कल्चरमधला टायफॉइडचा जंतू ओच्या सीरमला दादच देत नाही. त्याच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं 'व्हीआय' नावाचं आवरण असतं, त्याखाली ओ झाकला जातो. मग जंतू उकळत्या पाण्यात धरायचे, आवरण जातं आणि लगेच गुठळ्या दिसतात. नवीन पोरं 'टायफॉइड नाही' लिहून मोकळी होणार, तेवढ्यात ही युक्ती दाखवली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात! हे आवरण जंतूला आतही उपयोगी. आतड्यातल्या चिकट थरातून पोहत जायला शेपट्या, मग पेशीला चिकटायला फिम्ब्रिया म्हणजे अंगावरचे आखूड केस, आणि एकदा ऊतीत शिरला की तो शेपट्या बनवणं आवरतं घेतो आणि व्हीआय पांघरतो, म्हणजे फ्लॅजेलिन ओळखणाऱ्या पहारेकऱ्याला पत्ता लागत नाही. रक्तात फिरताना ज्या शेपट्या तो स्वतःच कमी करतो, त्यांच्याच आठवणीवर आपण निदान करतो.

टायफॉइडची नवी लस याच व्हीआयवर आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकने ती केली आणि नवी मुंबई महापालिकेने 2018 साली नऊ महिन्यांपासून 14 वर्षांपर्यंतच्या एक लाखावर मुलांना ती टोचली. सरकारी पातळीवर ही लस वापरणारं जगातलं ते पहिलं शहर. आपल्या महाराष्ट्रातली ही गोष्ट आपल्याच वाचकांना फारशी ठाऊक नाही. या लशीत ना ओ असतो ना शेपटी, त्यामुळे टीएबीसारखी ती विडाल बिघडवत नाही.

आणि 'दिली दोन इंजेक्शनं जास्त, काय बिघडलं' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक अवयव. काही जंतूंना शेपटीहून वेगळी, लांब नळीसारखी पिलस असते. तिने दुसऱ्या जंतूला पकडून जवळ ओढायचं आणि औषधाला न जुमानण्याची जनुकं प्लाझमिडमधून, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यातून, त्याला देऊन टाकायची. आपल्या पोटातल्या साध्या ई-कोलायलाही हे जमतं. प्रत्येक अनावश्यक सेफ्ट्रायॅक्झोनने अशाच जंतूंना मोकळं रान मिळतं. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये 2016 पासून जो टायफॉइड पसरला त्याला सेफ्ट्रायॅक्झोन लागू पडत नाही. त्याच्यात सापडलेला प्लाझमिड ई-कोलायमध्ये आढळणाऱ्या प्लाझमिडशी जुळणारा निघाला. केरळात कालिकतला 1972 साली क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफॉइड आला होता, तेव्हाही आधी वर्षानुवर्षं ते औषध सर्रास वापरून झालं होतं.

आपल्याकडून माझं मागणं साधं आहे. साथीची बातमी देताना आकड्याशेजारी लिहा: विडालवरून की ब्लड कल्चरवरून. विडाल असेल तर ओ की एच, एकदा केली की दोनदा, हे वार्ताहराने लॅबला विचारावं. लॅबवाले सांगतील, कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडेही कल्चरचा आकडा मागा, आणि तो नसेल तर 'नाही' असंच छापा. पाण्याच्या टाकीचा रिपोर्ट त्याच दिवशी शेजारच्या चौकटीत आला तर फारच छान. आमच्या वॉर्डातली टाकी शेवटची कधी धुतली, ते मला स्वतःलाही जाणून घ्यायचंय.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
कराड, जि. सातारा
(नाव छापू नये)